उजवं वळण

आमच्या घरात स्पीड स्केटिंग आलं ते एका जुन्या कापडी पिशवीतून. पनवेलला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याच्या मुलीला बूट आखूड झाले होते, आणि रोह्याकडची बहीण म्हणजे आखूड झालेल्या वस्तूंचं हक्काचं ठिकाण, असा त्याचा ठाम समज आहे. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने पिशवी उघडली तर आत काळे बूट, आणि प्रत्येकाच्या तळाला एका ओळीत चार चाकं.

मी रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. नट-बोल्ट, गास्केट, हातमोजे आणि बेअरिंग यांच्यात माझी बावीस वर्षं गेली. मुलीने बूट पायात घालायच्या आधीच मी एक चाक काढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवून आतलं बेअरिंग वाचलं आणि ओरडलो, "अगं, हे तर आपलं सहाशे आठ!" सहाशे आठ हा बेअरिंगचा नंबर. लहान मोटारींना लागतं ते. माझ्या रॅकवर तिसऱ्या खणात डावीकडे असतं. लग्नाच्या मांडवात कुणाचं आडनाव ओळखीचं निघालं की आपण हक्काने त्याच्या पंक्तीला जाऊन बसतो ना, तसं माझं झालं. एक बेअरिंग ओळखीचं निघालं आणि सगळा खेळच आपल्या नात्यातला आहे असं मला वाटायला लागलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन प्रकारचे बूट असतात. एकात गाडीसारखी दोन चाकं पुढे, दोन मागे. त्याला क्वाड म्हणतात. दुसऱ्यात चारही एका ओळीत. ते इनलाइन, आमच्याकडे आले ते. शर्यती वयाच्या गटांप्रमाणे होतात. काही रस्त्यावर, काही रिंकवर. रिंक म्हणजे दोन सरळ बाजू आणि दोन अर्धगोल वळणं. सरळ बाजूला कमरेत वाकून, गुडघे मोडून, पाय मागे न ढकलता बाजूला ढकलायचा. आमच्या गावातल्या बायकांनी तो वाकलेला पवित्रा पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकीने विचारलंच होतं, "भातलावणीला वाकलीस काय गो?" वळणावर मात्र बाहेरचा पाय उचलून आतल्या पायावरून पलीकडे टाकायचा. त्याला क्रॉस म्हणतात. चालताना असा पाय पडला तर माणूस तोंडावर आपटतो. इथे तो तसा पडला नाही तर आपटतो. हा क्रॉस जमला की खेळ जमला. आणि वळायचं नेहमी डावीकडे. रिंकवरची कुठलीही शर्यत असो, कुठल्याही गावात, कुठल्याही देशात, डावीकडेच.

हे शेवटचं वाक्य मला दोन वर्षं माहीत नव्हतं.

आमचं गाव रोहा आणि कोलाड यांच्या मध्ये, भातवाल्यांचं आणि वालवाल्यांचं. चाकं चालतील अशी जागा शोधायला मी मुलीला स्कूटरवर मागे बसवून दोन संध्याकाळी फिरलो. रस्त्यांबद्दल इथे बोलत नाही, कारण मग हा लेख त्याच विषयावर संपेल. शेवटी जागा घराजवळच सापडली. गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा पालखी फिरायला म्हणून देवळाच्या चारी बाजूंनी रुंद कोबा घातला होता. गवंडी चांगला असावा. कुठे खड्डा नाही, चीर नाही, ताटात पाणी ओतल्यासारखा सपाट कोबा.

पहिल्या संध्याकाळी ती बूट बांधून उभी राहिली, खांबाला धरून दोन-तीनदा डगमगली आणि निघाली. आपोआप, कुणी न सांगता, डावीकडे. हे मला लख्ख आठवतं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

कोपऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच गाभाऱ्यातून गुरवकाका धोतर सावरत बाहेर आले. "ए बाय! थांब गो! उलटी कुटं निघालीस?"

ती भिंत धरून थांबली. मी पुढे झालो. "काय झालं काका?"

"इस्टोरवाले, तुमीपण? देव उजव्या हाताला नको? उलटी प्रदक्षिणा कोन घालतो? मान्साला पोचवायला जातात तवा घालतात ती."

"बरोबर आहे काका. चुकलंच."

हे 'चुकलंच' माझ्या जिभेवर कायम तयार असतं. कंपनीत, घरात, एसटीत. समोरच्याने आवाज जरा चढवला की ते आधी बाहेर पडतं, आणि काय चुकलं याचा विचार मी नंतर सवडीने करतो. किंवा करत नाही.

काका लगेच नरमले. मनाने फार मऊ माणूस. "पोरीला खेळू दे, माजं काय नाय. पन सुलटी फिरू दे. तिचं खेळनं व्हईल आनि देवीला प्रदक्षिणा व्हतील. रोज शंभर घातल्यान तर शंभराचं पुन्य, फुकट!"

फुकट म्हटल्यावर मला ती व्यवस्था फारच आवडली.

तेव्हापासून ती सुलटी फिरायला लागली. देऊळ उजव्या हाताला. रोज संध्याकाळी शाळेतून आली की बूट घेऊन देवळात. सहा महिन्यांत तिला क्रॉस जमला, डावा पाय उजव्यावरून. वर्षभरात असा जमला की देवळाचे चारी कोपरे ती न थांबता, न सरळ होता, एका ओघात कापायची, आणि काका घंटेखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरीचं वळन बगा! कसं हाय वळन!" गुडघे दुखणाऱ्या बायकांनी आपल्या नवसाच्या प्रदक्षिणा तिच्याकडे लावून दिल्या. "माज्या नावानं पाच घाल गो बाय." "माज्या सुनेच्या नावानं अकरा." तीही इमानाने मोजून घालायची. निम्म्या गावाचे नवस माझ्या मुलीने चाकांवर फेडले आहेत. एका म्हातारीने तिला एकदा विचारलं, "यवड्या जोरात घातलेल्या चालतात ना गो देवीला?" तर ही म्हणाली, "आजी, लवकर पोचतात." मला त्या दिवशी काय अभिमान वाटला होता!

मी माझ्या बाजूने खेळाचा तांत्रिक विभाग सांभाळत होतो. दर रविवारी आठही चाकं काढून, बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन, वर्तमानपत्रावर वाळवून, थेंब-थेंब तेल घालायचो. चाकं एका अंगाने झिजायची. गाडीच्या टायरसारखी ती मी महिन्याला या पायातली त्या पायात करायचो. झीज कुठल्या अंगाने होते हे मला अगदी पाठ होतं. तशीच का होते, हे मात्र कधी मनात आलं नाही.

आठवीत असताना एकदा ती जेवताना मोबाईल घेऊन आली. कुठल्या तरी परदेशातली शर्यत होती. "बाबा, हे बघा. हे सगळे उलटे फिरतात."

मी पाहिलं. खरंच उलटे फिरत होते. "अगं, ते व्हिडिओत तसं दिसतं. सेल्फीत नाही का, आपला भांग दुसऱ्या बाजूला दिसतो? तसंच ते."

तिने व्हिडिओ थोडा मागे नेला. "पण त्यांच्या पाठीवरचे नंबर तर सरळ दिसतात."

"ठेव तो मोबाईल. बिरडं थंड होतंय."

तिने ठेवला. आमच्या घरात मी सहसा कुणाला गप्प करू शकत नाही. त्या दिवशी केलं.

नववीत गेल्यावर शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी निरोप दिला की जिल्ह्याची निवड स्पर्धा पेणला आहे, नाव द्यायचं का. तिने माझ्याकडे न बघता आईकडे पाहिलं. माझी बायको अंगणवाडीत आहे, वीस-वीस मुलं एकटी सांभाळते. तिचा शब्द एकदा निघाला की तो मागे घेण्याची पद्धत नाही. ती म्हणाली, "बघ. पुढच्या वर्षी दहावी. जिल्ह्यातून पहिल्या तीन मुली राज्याला जातात ना? त्या तिघींत आलीस तर दहावीतही खेळ, मी एक अक्षर बोलणार नाही. नाही आलीस तर बूट माळ्यावर. कबूल?"

"कबूल," मुलगी म्हणाली, आणि हसली. इतकं सोपं कुणी काही मागितलं नसेल, असं ती हसली.

हसायला कारण होतं. पावसाळा सरल्यावर दर रविवारी पहाटे मी तिला महामार्गावर खांब गावाजवळ नेत होतो. तिथे नव्या काँक्रीटचा एक पट्टा तयार होऊन पडला होता, वाहतूक सुरू व्हायची होती. सरळसोट. त्या पट्ट्यावर ती जी सुटायची! मी स्कूटरवरून मागे. तिचा वेग किती होता ते सांगता येत नाही, कारण माझ्या स्कूटरचा काटा बरीच वर्षं शून्यावर आहे. पण स्कूटर खोकायला लागायची आणि मुलगी पुढेच असायची. एक हात पाठीवर, दुसरा झुलता, मान खाली. शेतावर निघालेला एक माणूस बांधावर उभा राहून म्हणाला होता, "ही कुटली गाडी म्हनायची?"

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघं पहाटेच्या एसटीने निघालो. वडखळला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती आणि मी नेहमीसारखा घाबराघुबरा झालो. तीच मला म्हणाली, "बाबा, बसा. आपण दोन तास आधी निघालोय." पेणला रामवाडीच्या स्टँडवर उतरून रिक्षाने एका शाळेच्या मैदानावर गेलो. सिमेंटच्या मैदानावर चुन्याने रिंक आखली होती, वळणांवर केशरी प्लास्टिकचे शंकू ठेवले होते. बाकीच्या मुलींचे आईबाप घडीच्या खुर्च्या, छत्र्या, केळी, स्प्रे असं सगळं घेऊन बसले होते. आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि माझी कंपनीची टोपी.

शर्यतीआधी बूट तपासायला एक बाई होत्या, गळ्यात शिट्टी, पेणमध्ये मुलींना शिकवणाऱ्या. त्यांनी आमच्या मुलीचा एक बूट उचलला, चाकं फिरवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेअरिंग छान ठेवलीत हो." मी सहाशे आठविषयी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी अंगठा चाकाच्या कडेवरून फिरवला, मग दुसऱ्या बुटाच्या चाकावरून. परत पहिल्या.

"सर, ही सराव कुठे करते?"

"देवळात. म्हणजे देवळाभोवती."

"कुठल्या बाजूने?"

"सुलट्या," मी म्हणालो. "देव उजवीकडे ठेवून. असा क्रॉस मारते, मॅडम, की बघत राहाल."

बाईंनी बूट हळूच खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दवाखान्यात पाहिलेलं आहे. डॉक्टर रिपोर्ट दोनदा वाचतात, तेव्हाचं. "सर, शर्यत डावीकडून असते. सगळीकडे. हिची चाकं सगळी उलट्या अंगांनी झिजलीत."

मी म्हणालो, "चुकलंच." सवयीने.

मुलगी हेल्मेटचा पट्टा लावत होती. तिने ऐकलं होतं. तिने मैदानाकडे पाहिलं, तिथे लहान गटातल्या मुली फिरत होत्या, सगळ्या डावीकडे. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

"नाव मागे घेऊया का?" मी विचारलं.

"का?" ती म्हणाली. "नाव दिलंय ना."

पहिली शर्यत पाचशे मीटरची, पाच फेऱ्या. शिट्टी वाजली आणि पहिल्या सरळ बाजूला आमची मुलगी सगळ्यांच्या पुढे गेली. खुर्च्यांवरचे लोक उठले. कुणीतरी विचारलं, "ही कुठली रे?" ते तीन-चार क्षण माझे. मग वळण आलं. ती सरळ उभी राहिली. दोन्ही पाय जोडून, हात पसरून, नवशिक्यासारखी, शंकूंपासून लांब लांब जात तिने ते वळण कसंबसं पार केलं आणि आतून चार मुली निघून गेल्या. पुढच्या सरळ बाजूला तिने त्यातल्या दोघींना गाठलं. पुन्हा वळण. पुन्हा ती बाहेर. पाच फेऱ्यांत दहा वळणं असतात, मी मोजली. सरळ बाजूला ती मिळवायची आणि वळणावर सगळं घालवायची. चौथ्या फेरीत तिने मनाचा हिय्या करून क्रॉस मारला. शरीर डावीकडे आणि पाय पडला तो दोन वर्षं पडत आला तसाच, डावा उजव्यावरून. सिमेंटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

ती उठली. फेरी पुरी केली.

मी उलटी फेरी आयुष्यात एकदाच घातली आहे. खांद्यावर गळकं मडकं घेऊन, वडिलांच्या चितेभोवती, तीन. त्या मैदानाच्या कडेला उभं राहून मला तेच आठवत होतं. खांद्यावर पाणी सांडत असल्यासारखं वाटत होतं, आणि मी खरोखर एकदा खांदा पुसला.

दुसरी शर्यत हजार मीटरची. गुडघ्याला पट्टी बांधून ती त्यातही उतरली. पहिली आलेली मुलगी तिला एक अख्खी फेरी टाकून पुढे निघून गेली. ती शेवटची आली तेव्हा सगळ्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगले लोक होते. मला त्या टाळ्या अजून ऐकू येतात.

निघताना शिट्टीवाल्या बाई फाटकापर्यंत आल्या. मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "वेग आहे तुझ्यात. वेग शिकवून येत नाही." मग ती पुढे गेल्यावर मला म्हणाल्या, "वळण शिकवता येतं, सर. काहीच येत नसेल त्याला महिन्यात शिकवते मी. पण हिला वळण पडून गेलंय. ते आधी मोडायला लागेल. आणि पुढच्या वर्षी गट वरचा."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. नागोठणं मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "बाबा, सेल्फीत नंबर सरळ दिसत नाहीत."

एवढंच. आजपर्यंत तिने मला या बाबतीत सुनावलेलं ते एकच वाक्य.

घरी बायकोने गुडघा पाहिला, पाणी गरम करायला ठेवलं. ती काही बोलली असती तर मी भांडलो असतो. भांडण हा मला मोठा आधार असतो. पण ती बोललीच नाही. मुलगी झोपायला गेल्यावर मीच सगळं सांगितलं. चाकं, बाई, शंकू. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुम्ही काकांना विचारलं नव्हतंत का कधी?"

"काय विचारायचं?"

"उलटं फिरायचं झालं तर कुठे फिरू, म्हणून."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी देवळात गेलो. काका वाती वळत बसले होते. मी सांगितलं तसा त्यांचा हात थांबला.

"म्हंजे डावीकडं फिराय लागतं?"

"व्हय काका."

"आनि हे तुमाला म्हाईत नवतं?"

"नाय."

त्यांनी समोरच्या दीपमाळेकडे पाहिलं. देवळापुढे रुंद पटांगण आहे, त्याच्या मधोमध ती आहे. तिथलाही कोबा तोच, त्याच गवंड्याचा. "इस्टोरवाले," ते म्हणाले, "दीपमालेला कसली आली प्रदक्षिणा? तिच्याभवती कशीपन फिरली असती पोर. उलटी, सुलटी, आडवी. मी कशाला बोललो असतो? एकदा इचारायचं व्हतं." मग हळूच म्हणाले, "मीच तिला थांबवली ना रं त्या दिशी."

मी म्हणालो, नाही, तुमचं काय चुकलं. आणि ते खरं होतं. त्यांनी देवळाभोवती उलटं फिरू नका एवढंच सांगितलं होतं. बाकीचं सगळं मी माझ्या स्वभावाने भरलं. दोन वर्षं मी त्या दीपमाळेच्या चौथऱ्यावर बसून तिच्या फेऱ्या मोजत होतो. त्याच दीपमाळेच्या.

बायकोने स्वतःच मुदत वाढवली. तिने शब्द बदललेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "मार्चपर्यंत करू दे तिला," म्हणाली. "दहावीचं दहावीला बघू." मुलगी दीपमाळेभोवती फिरायला लागली, डावीकडे. रविवारी पेणहून त्या बाई फोनवर सांगायच्या त्याप्रमाणे आधी एका पायावर, मग हळू, मग नुसतं पाऊल टाकून. काका पायरीवर बसून, तिचा पाय चुकला की ओरडायचे, "डावीकडं बाय, डावीकडं!" त्यांच्या आवाजात एवढी काकुळती असायची की ऐकवत नसे. पाच प्रदक्षिणा सांगणाऱ्या बायका आता काही सांगत नव्हत्या. एकीने नुसती हळद आणून दिली, गुडघ्याला लावायला.

फेब्रुवारीत नेहमीप्रमाणे पटांगणात वाल वाळत पडले. बायकांनी आपणहून ते कडेला सारून मधे तिच्यासाठी वर्तुळ मोकळं ठेवलं. त्या मोकळ्या वर्तुळात ती फिरायची, पडायची, उठायची. हळू फिरताना जमायचं. जरा वेग घेतला की पाय आपलं जुनं वळण शोधायला जायचा.

मार्च संपायच्या आधीच्या एका रविवारी तिने मला विचारलं, "बाबा, खांबला जाऊया?" मला वाटलं, तिला जरा मोकळं व्हायचं असेल. पट्ट्यावर अजून गाड्या सुरू नव्हत्या. ती निघाली. मी मागे. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की स्कूटर खोकत नाहीये. मी सहज तिच्या बाजूला आलो होतो. मग, नकळत, पुढे गेलो. आरशात पाहिलं तर ती थांबली होती.

मी वळून परत आलो. ती काँक्रीटवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती.

"काय गं? लागलं?"

"नाही." तिने एक बूट काढला. "आता मला सरळपण जाता येत नाही, बाबा. पुढे वळण येणार असं वाटतं आणि पाय आधीच थांबतात."

"इथे कुठे वळण आहे? हा तर थेट…"

"माहीत आहे मला."

मी तिच्याशेजारी बसलो. दुसरा बूट काढायला मी मदत केली असती, पण तो तिने काढला होता.

बूट माळ्यावर ठेवण्याआधी मी चाकं काढून बेअरिंग धुतली. त्यांत ग्रीस भरलं, प्रत्येक जोडी वर्तमानपत्रात गुंडाळली. आमच्या स्टोअरमध्ये जो माल वर्षानुवर्षं कुणी मागत नाही त्याला 'नॉन-मूव्हिंग' म्हणतात. तोही आम्ही असाच ग्रीस लावून ठेवतो. का ठेवता, असं साहेब दर वर्षी विचारतात आणि मी दर वर्षी ग्रीसचा नवा डबा मागवतो. पिशवी तीच होती, मेव्हण्याची. मुलीने खालून दिली, मी वर ठेवली. बायको स्वयंपाकघरात होती. ती भांडी घासत नव्हती, नुसता नळ सोडून उभी होती.

आता ती दहावीत आहे. शाळा, क्लास, अभ्यास, सगळं वेळच्या वेळी. शेजारपाजारचे म्हणतात, पोरीला चांगलं वळण लावलंत हो. मी मान हलवतो.

दसऱ्याला पालखी निघाली तेव्हा आम्ही तिघंही देवळात होतो. पालखीमागे बायका, बायकांत ती, अनवाणी, आईची जरीची साडी नेसून, हातात उदबत्तीचं ताट. काकांनी तिला पाहिलं आणि ताशा वाजत असतानाही ते घंटा वाजवायचं विसरले. पालखी देवळाच्या मागच्या बाजूला गेली तसा मीही मागून गेलो. तिथे गर्दी कमी असते. कोपरा आला. बायका कोपऱ्यावर चालतात तशा चालल्या, पावलामागे पाऊल. ती त्या कोपऱ्यावर किंचित वाकली, आणि तिचा डावा पाय उचलला जाऊन अलगद, सफाईने उजव्यावरून पलीकडे पडला. ताट हललं नाही. बहुतेक तिला कळलंही नसावं.

पालखी पुढच्या कोपऱ्याकडे निघाली होती. मी तिथेच थांबलो.